चुन्याच्या रेघेवरचे काका

ज्या माणसानं मला गाडी थांबवायला शिकवली, त्याला स्वतःला गाडी नव्हती. सायकल होती. आणि त्या सायकलीला ब्रेक नव्हते.

हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, आपण चुकीच्या ठिकाणी आलो. पळस्पे फाट्याच्या अलीकडे, न्हावा शेव्याचे ट्रेलर उभे राहतात त्या मैदानाच्या मागे एक पत्र्याची शेड. पाटी नाही. दारात ट्रेलरचे जुने ब्रेक-ड्रम ओळीनं मांडलेले, त्यांत माती भरून झेंडू, अबोली, आणि सगळ्यात मोठ्या ड्रममध्ये तुळस. साठीतला एक काळासावळा, सडपातळ माणूस उतारावरून सायकलवर सुसाट आला आणि शेडसमोर त्यानं अनवाणी तळवा सरळ पुढच्या चाकावर टेकवला. चर्रर्र आवाज झाला. सायकल माझ्या बुटांपासून वीतभर अंतरावर थांबली.

"काका, सायकलला ब्रेक नाहीत?" मी विचारलं.

"हायत की. दोन." आणि त्यांनी आळीपाळीनं दोन्ही पाय उचलून दाखवले.

काका गेले त्याला आता दोन पावसाळे झाले. शेडच्या जागी उड्डाणपुलाचा खांब उभा आहे. पनवेलमध्ये कुठलीही आठवण काढायला जा, तिथं हल्ली खांबच असतो. पण मी अजूनही, गाडीत कोणी नसेल तेव्हा, उजव्या पायातला बूट काढून ठेवतो. बायको म्हणते हा चाळा आहे. चाळाच आहे. पण तो मला एका माणसानं लावलाय, आणि त्या माणसाला मी एकदा गाडीखाली घेता घेता राहिलोय. तेव्हा तेवढा चाळा मला शोभतो.

आधी माझ्या गाडीविषयी सांगायला हवं, कारण सगळा गाढवपणा तिच्यापासून सुरू होतो. मी राहतो खांदा कॉलनीत आणि पोटासाठी दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसतो. पस्तिशीत बाकीचे लोक जमिनीत पैसे घालतात. मी एक छोटी, जुनी, पण भयंकर पळणारी टर्बो गाडी घेतली. आवाज असा, की सोसायटीतले देशपांडे आजोबा ती सुरू झाली की गॅलरीत येऊन नुसते बघत राहायचे. रविवारी सकाळी खारघरला आमची सात-आठ जणांची टोळी जमायची. एकमेकांची बोनेटं उघडायची, आत बघून माना हलवायच्या आणि वडापाव खाऊन घरी जायचं, एवढाच कार्यक्रम. आत नेमकं काय बघायचं असतं हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हतं. पण मान हलवण्यात माझा हात कोणी धरू शकत नव्हतं.

एकदा खंडाळ्याचा घाट उतरताना माझे ब्रेक गेले. म्हणजे एकदम गेले नाहीत. पेडल आधी मऊ लागलं, मग आणखी मऊ, आणि शेवटच्या वळणावर पाय खालपर्यंत गेला तरी गाडी आपल्याच नादात. खालच्या गिअरवर कशीबशी उतरवली. पायथ्याच्या टपरीवर एका ट्रेलरवाल्यानं माझा चेहरा पाहिला आणि न विचारताच पत्ता दिला. "फाट्याच्या अलीकडे, तुळस दिसेल. ब्रेकमध्ये त्याच्यासारखा माणूस नाय."

काकांनी गाडीकडे बघितलंच नाही. माझ्या पायांकडे बघितलं.

"साहेब, बूट काडा."

"का?"

"पेडलवर बूट घालून काय कलनार तुमाला?"

हा त्यांचा कायदा होता. शेडमध्ये आलेल्या प्रत्येकानं, ट्रेलरचा डायव्हर असो की डॉक्टर, पायताण बाहेर काढून आपल्याच गाडीत अनवाणी बसायचं आणि पेडल दाबून काय वाटतं ते सांगायचं. मी बूट काढला. मोज्याला भोक होतं आणि त्यातून अंगठा बाहेर बघत होता. काकांनी त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "याला तरी हवा लागतेय. बरं हाय."

मग त्यांनी ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण उघडलं, नाक खाली नेलं आणि हुंगलं. "घरात मीठ उघडं ठेवता का?"

"नाही."

"का नाय?"

"पाणी सुटतं."

"हा आइल तसाच. हवेतलं पानी पितो. घाटात तापला का त्या पान्याची वाफ होते. मंग तुमी दाबताय ती वाफ. वाफ दाबून गाडी थांबते काय?"

काकांच्या बोलण्यात हे मीठ नेहमी यायचं. वडिलांचं मिठागर होतं, आणि काका विशीपर्यंत मिठागरातच वाढले. तिथली जमीन पायांनी तुडवून तुडवून घट्ट करावी लागते. कुठं मऊ राहिली, कुठं बसली, हे डोळ्यांना दिसत नाही, तळव्यालाच कळतं. पुढं मिठागर गेलं, बंदर आलं, आणि काका ट्रेलरच्या ब्रेककामाला लागले. पाय तोच राहिला. त्यांचा तळवा भेगांनी भरलेला, चपलेच्या टाचेसारखा टणक होता. पण जुने डायव्हर सांगायचे, पेडलवर तो टेकवला, की काका डोळे मिटायचे आणि अर्ध्या मिनिटात सांगायचे, मागच्या डाव्या चाकाच्या ब्रेक-नळीत हवा आहे. आणि ती असायची.

तर त्या दिवशी काकांनी माझं ऑइल बदललं आणि गाडी चोख थांबायला लागली. विषय तिथं संपायला हवा होता. शहाण्या माणसानं संपवला असता. मी घरी जाऊन इंटरनेटवरून मोठे ब्रेक मागवले.

भोकं पाडलेल्या, चाकाबरोबर फिरणाऱ्या भल्यामोठ्या डिस्क, स्टीलच्या जाळीच्या नळ्या, आणि लालभडक कॅलिपर. कॅलिपर म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅडच्या चिमटीत धरणारा भाग. चाकाच्या आऱ्यांतून तो लाल दिसला पाहिजे, यासाठी जगभरची माणसं वेडी होतात, त्यात मीही झालो. कॅलिपर कोरे होते, म्हणून त्यांच्यावर लावायला पांढऱ्या इंग्रजी अक्षरांचे, उष्णतेनं न निघणारे स्टिकरही मागवले. घरी डायनिंग टेबलावर वर्तमानपत्र पसरून, जीभ बाहेर काढून, दोन तास खपून मी ते लावले. नंतर खोका काकांच्या पुढ्यात ठेवला.

"लिपस्टिक लावलाय," काका म्हणाले. पण वस्तू चांगली होती. त्यांनी बोट फिरवून खात्री केली आणि काम घेतलं.

दोन दिवसांनी गाडी आणायला गेलो आणि हबकलो. दोन्ही कॅलिपरवरची अक्षरं उलटी! डायनिंग टेबलावर मी कॅलिपर ज्या बाजूनं धरला होता, गाडीवर तो बरोबर उलट्या बाजूनं बसतो, हे मला कसं कळणार? पण काकांना हे सांगायचा धीर झाला नाही.

काका म्हणाले, "आता दोनशे किलोमीटर सावकाश चालवा. पॅड नि डिस्कची सोयरीक जमू दे. मंग पुडच्या रविवारी या, मी उभा रातो."

हे 'उभा रातो' म्हणजे काय, ते पंचक्रोशीतल्या सगळ्या डायव्हरांना ठाऊक होतं. शेडच्या मागे एक रस्ता होता. तिथं पुढेमागे शहर होणार होतं. डांबर, दुभाजक, दिव्यांचे खांब, सगळं होऊन गेलं होतं. फक्त घरं आणि माणसं यायची राहिली होती, आणि तोवर दुभाजकावर म्हशी चरायच्या. त्या रस्त्यावर काका चुन्याची एक रेघ ओढायचे आणि रेघेच्या पलीकडे दोन पावलांवर स्वतः उभे राहायचे, तोंड गाडीकडे करून, हात मागं बांधून. गाडीवाल्यानं चाळीसच्या वेगानं यायचं आणि रेघेआधीच्या एका ठरलेल्या दिव्याच्या खांबापाशी आल्यावर ब्रेक दाबायचा. गाडी रेघेच्या अलीकडे थांबली की काम पुरं. काका पुढच्या चाकांवर नजर ठेवून असायचे. कुठलं आधी धरतं, गाडी कुठल्या बाजूला ओढते, सगळं उभ्या उभ्या टिपायचे.

"मी केलेल्या ब्रेकपुडं मी नाय उभा रायलो, तर कोन रानार?" असं ते म्हणायचे. डायव्हर लोक हे सांगताना छाती फुगवायचे, जणू स्वतःच उभे राहिले होते. मी ऑफिसात सांगताना चाळीसचा वेग साठ करायचो.

इकडे खारघरच्या टोळीनं माझी चाकं पाहिली आणि हसून हसून लोळायचे बाकी राहिले. "अरे, हे शीर्षासन कधीपासून करतायत?" एकानं विचारलं. दुसरा जमिनीवर हात टेकून, मान वाकडी करून अक्षरं वाचायला लागला. आठवडाभर ग्रुपवर मला सगळे उलटे फोटो पाठवत होते.

शनिवारी दुपारी मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये जॅक लावला. माझ्या डोक्यात एक लखलखीत कल्पना आली होती. डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे लावला, तर अक्षरं आपोआप सरळ होतील. झाली! नळ्या सोडवल्या, पुन्हा जोडल्या. सोडवल्यावर आत हवा शिरते हे मला माहीत होतं, म्हणून देशपांडे आजोबांच्या नातसुनेला विनंती करून पेडलवर बसवलं आणि हवाही काढली. पेडल थोडं मऊ लागत होतं. पण आठ-दहा वेळा भराभर दाबलं की कडक व्हायचं. मी मनाशी म्हटलं, नवं आहे, रुळेल. अक्षरं काय सुंदर दिसत होती!

रविवारी सकाळी काका रेघेमागे उभे राहिले. बघायला चार-पाच डायव्हर, चहावाला, आणि म्हशी. मी त्यांना केलेल्या बदलाबद्दल काही सांगितलं नाही. का नाही सांगितलं? लाज वाटली. एवढंच कारण आहे, आणि ते मी आजवर ज्यांना ज्यांना सांगितलंय त्यांच्यापैकी कोणीही ते पुरेसं मानलेलं नाही.

चाळीसचा काटा लागला. खांब आला. मी ब्रेक दाबला.

पाय थेट खाली गेला.

पुढच्या दोन सेकंदांत मी काय काय केलं ते मला क्रमानं आठवत नाही. पेडल पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं, हँडब्रेक खेचला, आणि समोर काका. हात मागं. हलत नाहीत. मी स्टीअरिंग डावीकडे फेकलं, गाडी रस्ता सोडून गवतात शिरली आणि म्हशींच्या डबक्यात नाक खुपसून थांबली. एक म्हैस उठून, अपमान झाल्यासारखी, दुसरीकडे जाऊन बसली. माझ्या बाजूचा आरसा काकांच्या सदऱ्याला घासून गेला होता. बाहीला काळा पट्टा उमटला होता.

 काका हळूहळू चालत आले, चिखलात उकिडवे बसले आणि चाकाच्या आत बघितलं. 

"उतर खाली," ते म्हणाले. तोवर मी त्यांच्यासाठी 'साहेब' आणि 'तुमी' होतो. त्या क्षणी मी 'तू' झालो, आणि पुढं कायम 'तू'च राहिलो.

"हवा वर जाते का खाली?"

"वर."

"कॅलिपरला हवा काडायचा स्क्रू कुठं असतो?"

मी पाहिलं. स्क्रू खाली होता. काकांनी बसवला तेव्हा तो वर होता. मी डावं-उजवं बदललं आणि तो खाली गेला.

"म्हंजे हवा वरच्या माल्यावर बसलेय, नि तू तलमजल्याचं दार उघडून तिला बाहेर ये म्हनतोस. कशी येल?" मग त्यांचं लक्ष अक्षरांकडे गेलं. सरळ झालेल्या अक्षरांकडे. त्यांना सगळं समजलं. "यापायी केलंस?"

मी मान हलवली. मान हलवण्यात माझा हातखंडा होताच.

"स्टिकर काडून सरल नाय लावता आला?"

मी आज शपथेवर सांगतो, हा पर्याय मला खरोखरच सुचला नव्हता.

शिक्षा म्हणून काकांनी मला पेडलवर बसवलं. दर रविवारी सकाळी शेडमध्ये हजर व्हायचं आणि हवा काढताना गाडीत अनवाणी बसून पेडल दाबायचं. बाहेर चाकापाशी काका स्क्रू सोडणार आणि आवळणार.

"दाब."

"दाबलं."

"धर."

"धरलं."

स्क्रू सुटायचा, बुडबुडे यायचे, पाय खाली जायचा, स्क्रू आवळला जायचा. "सोड."

हे एका चाकाला वीस वेळा. चार चाकं. सकाळभर तीन-तीन गाड्या. माझा पाय रात्री झोपेतसुद्धा दाबून धरत होता, बायकोनं लाथ खाल्ल्याची तक्रार आजही आहे.

प्रत्येक वेळी काका विचारायचे, "काय कलतंय पायाला?"

"मऊ आहे."

"कसा मऊ? पावासारखा का चहात बुडवलेल्या पावासारखा?"

"पावासारखा."

"कुटं मऊ? वर का खाली?"

"वर मऊ, खाली कडक."

"मंग अजून हाय हवा. दाब."

ते पुन्हा पुन्हा खोदून विचारायचे. मी वैतागायचो. 'तुम्हीच बसून बघा ना!' असं म्हणायचो. ते हसायचे आणि म्हणायचे, "तुज्या पायाला शिकवतोय रं. माज्या पायाला येतंय." आणि हळूहळू माझ्या पायाला खरंच कळायला लागलं. सहा-सात रविवारांनंतर एकदा मी डोळे मिटून म्हणालो, "काका, मागच्या डाव्या बाजूला आहे." त्यांनी तिथला स्क्रू सोडला आणि बुडबुडा आला. काका स्क्रू आवळून पुढच्या गाडीकडे वळले. पण पुढच्या रविवारी काकींनी डब्यात माझ्यासाठीही तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी पाठवली होती. म्हणजे घरी माझं नाव निघालं होतं तर.

मी शिक्षा कधीच संपवली नाही. खारघरच्या टोळीला वाटायचं मी रविवारी पोहायला जातो.

याच दिवसांत कधीतरी काका सायकल हातात धरून, चालत यायला लागले. मी विचारलं तर म्हणाले, "ट्यूब जुनी झालेय." मी विश्वास ठेवला. ट्यूब जुनी असते, टायर जुना असतो, त्यात काय?

मग ती जीप आली. मोठी, जुनी, पावसातून आलेली. शेडच्या ओट्यावर मला जीपपासून दारापर्यंत लाल ठिपके दिसले. दाट लाल. त्या महिन्यात मी स्टीअरिंगच्या तेलावर इंटरनेटवर बरंच वाचलं होतं, त्यामुळे ठसक्यात म्हणालो, "काका, पॉवर स्टीअरिंग गळतंय. हे तेल लाल असतं."

"बगतो," म्हणत काका जीपखाली सरकले. "कोरडं हाय रं," आतून आवाज आला. "पायप तं कोरडा हाय."

"नीट बघा, इथं डाग पडलेत."

"झाकनापाशी बगतो."

जीपखालून त्यांचे दोन तळवे बाहेर आलेले होते, माझ्याकडे तोंड करून. उजव्या तळव्यात लोखंडी पिनेचा बोटभर तुटका तुकडा खोल रुतला होता आणि टाचेवरून रक्त ओघळत होतं.

मी खाली बसलो. तुकडा धरला आणि ओढला. सोपं गेलं नाही, दोनदा ओढावा लागला. काका आतून स्टीअरिंगच्या पाइपाबद्दलच बोलत होते. त्यांच्या आवाजात काडीचाही फरक पडला नाही.

"काका," मी म्हणालो, "बाहेर या."

ते आले. माझ्या हातातला तुकडा पाहिला, मग पाय पाहिला. मला वाटलं, ते दचकतील. ते फक्त ओशाळले, लपवलेलं काही तरी उघडं पडावं तसे.

मी फडकं बांधलं. ते तुळशीच्या ड्रमला टेकून बसले.

"शुगर हाय," ते म्हणाले. "पाय मेलाय. दोन वर्सं झाली. पेडलवर ठेवतो, पन खाली काय हाय ते कलत नाय. लाकूड ठेवल्यागत वाटतं. तवापासून मी रेघ मारून उभा रायला लागलो. पाय खोटं बोलायला लागला ना, मंग सोतालाच पुडं ठेवला."

 दर रविवारी त्यांनी विचारलेलं 'काय कलतंय पायाला?' माझ्या कानात घुमत होतं. मला वाटायचं ते माझी परीक्षा घेतायत. ते खरोखर विचारत होते.

"आणि त्या दिवशी?" मी म्हणालो. "माझी गाडी अंगावर येत होती तेव्हा तुम्ही हलला नाहीत. मी तर सगळ्यांना सांगतो, काका म्हणजे वाघ."

काका हसले. "मी पलालोच होतो रं. पाय नाय पलाले."

मग म्हणाले, "काकीला म्हायती हाय. आता तुला. तिसऱ्या कोनाला नको. ब्रेकवाल्याचा पाय मेलाय हे कललं, तर इथं कोन येल? नि आलाच नाय कोन, तर मी सकाली उठून कुटं जाऊ?"

मी अट घातली. यापुढे रेघेवर उभं राहायचं नाही. पाय माझा, बाकी सगळं तुमचं. आणि ब्रेकची कामं फक्त रविवारी. त्यांनी बराच वेळ तुळशीची पानं खुडली आणि 'बरं' म्हणाले. डायव्हर कुरकुरले. रेघ का मारत नाही असं विचारलं तर काका सांगायचे, "चुना संपलाय." दीड वर्ष त्या शेडमधला चुना संपलेला होता. मी दर रविवारी अनवाणी त्यांचा पाय होऊन बसायचो, आणि न्हावा शेव्याच्या वाटेवरचे कित्येक टेम्पो माझ्या तळव्यानं पास केले. ते चालवणाऱ्यांना हे कधी कळलं नाही, ते बरंच झालं. मला पाहून त्यांनी टेम्पो ढकलत नेले असते.

पुढं शेडची जागा पुलाच्या कामात गेली. त्याच सुमारास काकांच्या उजव्या पायाची दोन बोटं डॉक्टरांनी काढली. काका गावातल्या घरी, ओटीवर खुर्ची टाकून बसायला लागले. पायात जाड पट्ट्यांच्या काळ्या डॉक्टरी चपला. त्यांना चपलांत बघायची मला सवय नव्हती. त्यांनाही नव्हती. मी गेलो की ते पाय खुर्चीखाली ओढून घ्यायचे.

त्या हिवाळ्यात मी माझ्या गाडीचे ब्रेक पहिल्यांदा एकट्यानं पूर्ण उघडले. रबरं बदलली, नळ्या बदलल्या, नवं ऑइल भरलं. पेडलवर बायकोला बसवलं, अनवाणी. ती म्हणाली, "लग्नाला अकरा वर्षं झाली. तू सांगतोयस आणि मी मुकाट ऐकतेय, असं आज पहिल्यांदा होतंय. मजा करून घे." शेवटी मी स्वतः बसलो, डोळे मिटले आणि पाय टेकवला. मग गाडी काढली आणि काकांकडे गेलो.

"हवा काडली?"

"काढली."

"स्क्रू?"

"वर आहेत, काका."

"नि अक्षरं?"

"स्टिकर काढून टाकले."

ते काठी घेऊन उठले. "चल."

"कुठं?"

"रेघेवर."

आतून काकी ओरडल्या, "डोकं फिरलंय का यांचं!" मीही नाही म्हणालो, अटीची आठवण करून दिली, डॉक्टरांचं नाव घेतलं. काका तोवर गाडीत बसून पट्टा लावत होते.

रस्ता अजून होता. मागे इमारतींचे सांगाडे उभे राहिले होते, पण तेवढा तुकडा रिकामा होता आणि म्हशीही होत्या. काकांनी खांब ओळखला. चुना नव्हता. काठीच्या टोकानं त्यांनी धुळीत रेघ ओढली, पलीकडे दोन पावलं गेले आणि उभे राहिले. माझ्याकडे पाठ करून.

मी खिडकीतून ओरडलो, "काका, तोंड इकडं करा!"

"कशाला?" ते समोरच्या इमारतींकडे बघत म्हणाले. "तोंड करून उभा रायचो ते काम बगायला. तुज्या कामात आता बगायचं काय हाय?"

मी गाडी मागं नेली. बूट काढला. चाळीसचा काटा लागेपर्यंत मला फक्त ती पाठ दिसत होती, सदऱ्याखालची दोन हाडं आणि काठीवर टेकलेला हात. खांब आला. पाय टेकवला, आणि पायाला सगळं कळलं, वरपासून खालपर्यंत, कुठंही मऊ नाही. गाडी थांबली.

काका वळले नाहीत. "लांब थांबलास," ते म्हणाले. "आवाज लांबनं आला. ब्रेकवर भरोसा हाय, सोतावर नाय. मागं घे. परत ये."

खरं होतं. रेघ अजून चांगली पंधरा फूट पुढं होती. मला खांब आला असं वाटलं होतं, पण मी त्याच्या कितीतरी आधी दाबला होता.

मी पुन्हा मागं गेलो. पुन्हा आलो. या वेळी खांब गाठला, मगच दाबला. गाडीचं नाक खाली वाकलं, चाकांनी धूळ धरली, आणि टायर त्या रेघेला टेकून थांबले.

काकांनी एक पाऊल मागं घेतलं, मग आणखी एक. न वळताच मोकळा हात मागं केला, हवेत थोडा चाचपला आणि तळवा माझ्या बोनेटवर ठेवला. तिथंच ठेवून ते बराच वेळ उभे राहिले.

"गरम हाय," ते म्हणाले.